घरातले समुद्री चाचे: रद्दी, चहापूड आणि एक जुनी चादर

समुद्री चाच्यांचा खेळ ठरला की मोठ्यांचा हात पहिल्यांदा तलवारीकडे जातो. पुठ्ठा कापून चार तलवारी होतात, पोरं दहा मिनिटं एकमेकांना बडवतात, एक भोकाड पसरतं आणि खेळ आटोपतो. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी नकाशा, मग खजिना, मग जहाज. टोपी मधे कधीही. तलवार केलीच तर सगळ्यात शेवटी. शोधायला काहीतरी असलं की तासभर कुणाला तलवारीची आठवण येत नाही.

इथली मापं चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी आणि चार ते सहा जणांच्या टोळीसाठी आहेत. ‘चाचा म्हणजे कुणाचा काका?’ हा प्रश्न हमखास येतो. समुद्रात जहाजं लुटणारा तो चाचा, एवढं उत्तर पुरतं.

आधी खळ

बाटलीतला पांढरा डिंक पुठ्ठ्यावर सुकायला वेळ घेतो आणि मुलांच्या हातात बाटली पाच मिनिटांत रिकामी होते. मोठ्या कामाला घरची खळ बरी. दोन मोठे चमचे मैदा पाव कप थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा. त्यात एक कप उकळतं पाणी ढवळत ओतायचं आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं, मिश्रण काचेसारखं दिसू लागेपर्यंत शिजवायचं. गार झाल्यावर बासुंदीपेक्षा दाट आणि श्रीखंडापेक्षा पातळ असावं. मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात, मग गाळूनही काही खरं नसतं. किडे लागू नयेत म्हणून बाइंडिंगवाले खळीत मोरचूद टाकतात. तो विषारी असतो, मुलांच्या खळीत तो नको. फ्रिजमध्ये खळ दोन दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकायची. लावताना थर पातळ हवा. जाड थराने कागद सुरकुततो आणि पुठ्ठा वाकडा होऊन वाळतो.

नकाशा

साधा ए-फोर कागद जुना दिसायला चहा लागतो, बिनसाखरेचा. साखर घातलेल्या उरल्यासुरल्या चहात कागद भिजवला तर तो चिकट राहतो आणि दुसऱ्या दिवशी नकाशावर मुंग्यांची रांग असते. एक कप पाण्यात दोन छोटे चमचे चहापूड पाच मिनिटं उकळून, गाळून, कोमट होऊ द्यावी. एवढ्यात चार-पाच कागद निघतात.

कागदाचा बोळा करायचा, उलगडायचा, ताटात पसरायचा आणि वरून चहा ओतायचा. चुरगळलेल्या रेघांमध्ये चहा जास्त मुरतो, त्यामुळे कागद खरोखर जुना दिसतो. पाच मिनिटं पुरेत. पंधरा मिनिटं ठेवला तर लगदा व्हायला लागतो आणि उचलताना मधोमध फाटतो. दोन कोपरे धरून सावकाश उचलावा आणि पालथ्या ताटावर पंख्याखाली वाळवावा. पावसाळ्यात दिवसभरातही वाळत नाही. तेव्हा जुन्या सुती कापडात ठेवून मोठ्यांनी इस्त्री फिरवावी. वर्तमानपत्रात ठेवून इस्त्री केली तर बातम्यांची शाई नकाशावर उतरते.

नकाशाच्या कडा मेणबत्तीवर जाळायची हौस अनेकांना असते. ती सोडावी. कडा हाताने वेड्यावाकड्या फाडून त्यावर घट्ट कॉफीत बुडवलेला कापूस फिरवला तर तसाच जळका रंग येतो आणि कुणाची बोटं भाजत नाहीत.

चित्र कधी काढायचं, हे कशाने काढणार त्यावर ठरतं. स्केचपेनची शाई पाण्यात पसरते, म्हणून ते कागद पूर्ण वाळल्यावरच. तेलखडूने मात्र आधी काढावं. मेणाच्या रेघेवर चहा चढत नाही आणि बेटं, माड, मासे उठून दिसतात.

नकाशात खुणा पाचच्या वर नकोत. फ्रीज, देवघर, पलंग, चपलांचा रॅक, गॅलरीतली तुळस. प्रत्येकाला समुद्रातलं नाव द्यायचं: फ्रीज म्हणजे बर्फाचं बेट, पलंग म्हणजे झोपाळू खाडी. अंतर ‘दहा पावलं’ असं लिहिलं की भांडण ठरलेलं, कारण सात वर्षांच्या मुलाची ढांग चार वर्षांच्याला जमत नाही. त्यावर उपाय म्हणजे टाचेला बोटं चिकटवून टाकलेली पावलं. खजिना लपवताना टोळीतल्या सगळ्यात छोट्याकडूनच ती मोजून घ्यावीत आणि मोजायचं कामही त्याचंच ठेवावं. मोठी मुलं पुढे पळून जात नाहीत, कारण आकडा छोट्याच्या पायात असतो.

वाचता न येणाऱ्यांसाठी चिठ्ठ्या चित्रांच्या करायच्या. गुप्त चिठ्ठी हवी तर पांढऱ्या मेणबत्तीने पांढऱ्या कागदावर दाबून चित्र काढायचं आणि मुलांनी वरून भरपूर पाणी घातलेला जलरंग फिरवायचा. पोस्टर कलर दाट वापरला तर तो मेणही झाकून टाकतो आणि काहीच उमटत नाही. सहा-सात वर्षांच्यांना हळदीची युक्ती जास्त आवडते. एक छोटा चमचा खायचा सोडा दोन मोठे चमचे पाण्यात मिसळायचा, कानाच्या काडीने लिहायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. मग हळदीचं दाट पाणी ब्रशने फिरवलं की अक्षरं लालसर-तपकिरी उमटतात. क्षार लागला की हळद लाल होते. पारंपरिक कुंकू हळदीपासून बनतं ते याच गुणामुळे. सोडा ओला असतानाच हळद लावली तर सगळा कागद एकसारखा लाल होतो आणि निरोप बुडतो. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग साबणाने धुताना लाल झाला तर घाबरायचं कारण नाही. धुऊन उन्हात वाळत घातला की तो फिका पडतो.

खजिना आणि पेटी

पेटीला बुटांचा खोका. मिठाईचा खोका दिसायला छान असतो, पण त्यावर गुळगुळीत थर असतो आणि तूप मुरलेलं असतं. पोस्टर कलर त्यावर थेंबाथेंबाने गोळा होतो. तोच वापरायचा असेल तर आधी वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवून वाळवाव्यात, मग रंग. झाकणाची एक लांब बाजू कापडी टेपने खोक्याला जोडली की बिजागरी झाली. प्लॅस्टिकचा ब्राउन टेप तिथे उघडझाप केल्यावर उलतो आणि त्यावर रंगही धरत नाही.

नाण्यांसाठी पुठ्ठ्याचे 5 सें.मी. व्यासाचे गोल कापायचे. लहान वाटी पालथी ठेवून आखली की माप सारखं येतं. गोलावर खळीने जाड दोरा चिकटवून चांद, तारा किंवा मासा करायचा, वाळल्यावर स्वयंपाकघरातला फॉइल गुंडाळायचा आणि कापसाने हलके घासायचं. दोऱ्याची नक्षी वर उठते. नखाने घासलं तर फॉइल फाटतो. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर मणी, टिकल्या, जुनी पावली-अधेली असलं काहीही पेटीत नको. 3 सें.मी.पेक्षा लहान वस्तू घशात अडकू शकते. 5 सें.मी.चं माप म्हणूनच.

हिरे-माणकं पिठाची करता येतात: दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ आणि साधारण पाऊण कप पाणी. पाणी एकदम ओतू नये, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट गोळा झाला की थांबावं. एक सें.मी.पेक्षा जाड खडे आतून ओले राहतात आणि नंतर तडकतात. उन्हात तीन-चार दिवस, रोज उलटून वाळवावेत. ओव्हनमध्ये 100 अंश सेल्सियसवर दोन-तीन तास लागतात. आच वाढवली तर फुगतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर हा उद्योग करूच नये. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि कडक झालेले हिरे आठवड्यात मऊ पडतात. हे पीठ खायचं नाही हे मुलांना आधी सांगावं, कारण त्यात भरपूर मीठ असतं.

टोपी

वर्तमानपत्राची टोपी सगळ्यांना येते, तरी ती मुलांच्या नाकापर्यंत घसरते, कारण कागद मोठा घेतलेला असतो. पूर्ण उघडलेलं पान घेऊन घडी घातली तर टोपीची रुंदी 55 सें.मी.च्या आसपास होते आणि लहान डोकं त्यात बुडतं. मुलांसाठी मधून कापलेलं एकच पान घ्यावं, साधारण 35 सें.मी. रुंद आणि 55 सें.मी. उंच. ते आडवं दुमडून अर्धं करायचं, घडी वरच्या बाजूला. वरचे दोन कोपरे मधल्या रेषेवर आणून चिकटवायचे. खाली सात ते दहा सें.मी.ची पट्टी उरते, ती दोन्ही बाजूंनी वर दुमडायची. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर 51 सें.मी.च्या आसपास असतो, त्याला ही टोपी कपाळाच्या वर बसते.

एकच पान लवकर फाटतं, म्हणून दोन पानं एकावर एक ठेवून दुमडावीत. सगळी टोपी काळ्या रंगाने रंगवायची नाही. ओलं वर्तमानपत्र लिबलिबीत होतं आणि रंग केसांना लागतो. फक्त पुढच्या त्रिकोणावर काळा घोटीव कागद चिकटवायचा. त्यावर कवटीचा ठसा बटाट्याचा: बटाटा उभा अर्धा कापून सुरीच्या टोकाने डोळ्यांची दोन भोकं आणि नाक कोरायचं. कापलेली बाजू कापडावर दहा मिनिटं पालथी ठेवावी, नाहीतर बटाट्याचं पाणी रंगात उतरून ठसा पसरतो. पांढरा रंग ब्रशने बटाट्याला लावायचा, बटाटा रंगात बुडवायचा नाही. हाडांच्या दोन रेघा मुलांनीच माराव्यात.

झेंड्यालाही हाच ठसा. खऱ्या चाच्यांचा काळा झेंडा लढाईसाठी कमी आणि घाबरवण्यासाठी जास्त होता. समोरच्याने न लढता जहाज हवाली करावं, हा त्यामागचा हिशोब.

डोळ्यावरच्या पट्टीचं काम पाच मिनिटांचं. जुन्या काळ्या टीशर्टचा सात सें.मी.चा तुकडा आणि 42 सें.मी. इलॅस्टिक. एक डोळा झाकला की अंतराचा अंदाज चुकतो आणि मुलं उंबरठ्याला अडखळतात. म्हणून पळताना पट्टी कपाळावर, फोटोपुरती डोळ्यावर. डॉक्टरांनी डोळ्याला पट्टी लावायला सांगितलेलं मूल टोळीत असेल तर कप्तान त्यालाच करावं. मिशा काजळाने काढाव्यात, खोबरेल तेलाने निघतात. पोस्टर कलर चेहऱ्याला लावू नये.

जहाज

वॉशिंग मशीनचा खोका मिळाला तर सोनं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सणासुदीला मागितला तर बहुतेक वेळा फुकट मिळतो. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे जोडावरच्या लोखंडी पिना पक्कडीने काढणं किंवा वरून कापडी टेप लावणं. खेळताना पोटऱ्या ओरबाडतात त्या याच पिनांनी.

खोका उभा ठेवून 35 सें.मी. उंचीवर सगळीकडून कापायचा. पाच वर्षांचं मूल तेवढं ओलांडून आत-बाहेर करू शकतं. कटर मोठ्यांच्याच हातात, आणि एका दमात कापायचं नाही. एकाच रेघेवरून तीन-चार वेळा हलका कटर फिरवावा. एकदम जोर लावला की पातं सटकतं.

जहाजाचा पुढचा भाग, म्हणजे नाळ, टोकदार करायच्या नादात बहुतेक जण खोक्याची पुढची भिंत कापून टाकतात. ती कापली की दोन्ही बाजू फाकतात आणि दहा मिनिटांत जहाज जमिनीवर सपाट. चारही भिंती तशाच ठेवाव्यात. वरच्या कापलेल्या भागातून 60 सें.मी. लांब आणि 35 सें.मी. उंच असे दोन तुकडे घेऊन बाजूच्या भिंतींना बाहेरून 15 सें.मी. ओव्हरलॅप देऊन चिकटवायचे. पुढे त्यांची टोकं एकमेकांना जोडायची. जोडावर आतून-बाहेरून दोन्हीकडे टेप. मराठा आरमारातल्या गुराब या लढाऊ जहाजाची नाळही अशीच लांब पुढे आलेली असे.

पुठ्ठ्याच्या आत नागमोडी नळ्या असतात. त्या कोणत्या दिशेला आहेत हे पाहूनच कापावं. वल्ह्याचा दांडा नळ्यांच्या दिशेने कापला तर ताठ राहतो, आडवा कापला तर पहिल्या फटक्यात मोडतो. वल्हं 70 सें.मी. लांब, दोन थर चिकटवलेलं, वर रात्रभर पुस्तकांचं वजन.

डोलकाठी उभी करायचा मोह टाळलेला बरा. कापड दुकानात ताग्याचे पुठ्ठ्याचे रूळ मिळतात आणि डोलकाठी म्हणून झकास दिसतात, पण खोक्यात उभे केले की कलंडून कुणाच्या तरी डोक्यावर येतात. त्यापेक्षा खिडकीच्या गजापासून समोरच्या कड्यापर्यंत दोरी बांधून त्यावर जुनी चादर चिमट्यांनी लावावी. शीड तयार. दोरी दीड मीटरच्या वरच असावी, मानेच्या उंचीला नको, आणि लोंबतं टोक कापून टाकावं. फरशीवर खोका घसरतो, म्हणून खाली चटई. मोजे घालून खेळू देऊ नये.

दिवाळीनंतर अंगणातला किल्ला मोडायचा असतो, तो टाकण्याआधी एक दिवस या खेळाला द्यावा. माती, दगड, गोणपाट सगळं तयार असतं. कडेने निळं कापड पसरलं की बेट झालं आणि खजिना खरोखर मातीत पुरता येतो. मावळे मात्र आधी उचलून ठेवावेत. कोकणाशी नातं सांगणाऱ्या घरांत इथे एक प्रश्न निघतो, कान्होजी आंग्रे चाचे होते का? इंग्रज त्यांना तसं म्हणत, कारण इंग्रजांच्या जहाजांकडेही कान्होजी दस्तक, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, मागत. कान्होजी मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, होते. त्यांना चाचा करून खेळू नये. त्यांना चाच्यांचा पाठलाग करणारं आरमार करावं, त्यातून दोन टोळ्यांचा खेळ आपोआप तयार होतो.

खेळ चालवायचा कसा

खजिन्याचा शोध पाच चिठ्ठ्यांचा पुरे, वीस-पंचवीस मिनिटं. चिठ्ठ्या शेवटून पहिल्याकडे लपवाव्यात, म्हणजे एखादी राहून जात नाही. चौथी चिठ्ठी आधी सापडली तर खेळ कोलमडतो, म्हणून प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि तोच क्रम नकाशावर रंगवायचा. चुकीचा रंग सापडला तर चिठ्ठी होती तिथेच परत. पंखा चालू असेल तर चिठ्ठीवर वजन ठेवावं. प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या मुलाने उघडायची, पाळी आधीच ठरवायची.

शोध संपल्यावर उरलेली ताकद खर्च करायला ‘तळ्यात-मळ्यात’ चालतं. जमिनीवर दोरी, एका बाजूला ‘जहाजात’, दुसऱ्या बाजूला ‘समुद्रात’. त्यात तिसरा हुकूम घालायचा: ‘तोफ!’ म्हटलं की सगळे जागच्या जागी खाली बसणार. चार वर्षांच्या मुलांना तीनच हुकूम पेलतात, चौथा आला की सगळी एकमेकांकडे बघत बसतात. तोफगोळे म्हणजे मोज्यांच्या जोड्यांचे बोळे, दीड मीटरवरून बादलीत. वर्तमानपत्राचे बोळे टेपने गुंडाळले की कडक होतात आणि डोळ्याला लागतात.

फळीवरून चालायची शिक्षा जमिनीवरच द्यावी. 20 सें.मी. रुंद पुठ्ठ्याची पट्टी, दोन्ही बाजूंना उशा. पाटावर किंवा स्टुलावर फळी ठेवून उंची वाढवायची नाही.

आणि तलवार. एसीच्या पाइपवर घालतात तो काळा फोमचा पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. 50 सें.मी.चा तुकडा, मुठीला कापडी टेप, झालं. पुठ्ठ्याचीच हवी असेल तर टोक दोन रुपयांच्या नाण्याएवढं गोल कापावं आणि कडेला टेप लावावा. काठी, पट्टी किंवा दांडा आत घालून ताठ करू नये.

नियम मात्र मोठ्यांनी सांगायचे नाहीत, करारनामा करायचा. खरे चाचेही तो करत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा कप्तान बार्थोलोम्यू रॉबर्ट्स याच्या जहाजावरचे लेखी नियम आज वाचायला मिळतात आणि त्यातले काही घरात जसेच्या तसे लागू पडतात. जहाजावर कुणी कुणावर हात उगारायचा नाही, भांडण असेल तर किनाऱ्यावर उतरून मिटवायचं. लुटीत कप्तानाला दोन वाटे, साध्या खलाशाला एक. या वाट्यावरून टोळीत बंड होतं, म्हणून तो बदलून सगळ्यांना सारखं करावं, आणि नाणी मुलांच्या संख्येने पूर्ण भाग जाईल एवढीच ठेवावीत: पाच जणांना तीस, सहा जणांना छत्तीस. चहात भिजवलेल्या उरलेल्या कागदावर हे सगळं लिहून खाली प्रत्येकाचा अंगठा घ्यायचा. त्याच यादीतला आणखी एक नियम रॉबर्ट्सच्या नावासकट ठळक लिहावा: रात्री आठला जहाजावरचे सगळे दिवे बंद.